अति मद्यपान आणि पुरुषांचे लैंगिक आरोग्य: काय बिघडते, काय परत येते

व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी आलेल्या पुरुषाच्या केसपेपरवर यकृताच्या तपासण्या असतात, रक्तदाब असतो, झोपेची आणि भुकेची नोंद असते; लैंगिक आयुष्याविषयी मात्र बहुधा एक ओळही नसते. डॉक्टर विचारत नाहीत, रुग्ण आपणहून सांगत नाही आणि हे कोणाशी बोलावे हेच पत्नीला कळत नाही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अहवालात, दारूच्या व्यसनावर उपचार घेतलेल्या सुमारे १७,००० रुग्णांपैकी ८ टक्के रुग्णांनी लिंगाला ताठरता येत नसल्याची तक्रार केल्याचे नमूद आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मद्यावलंबी असलेल्या १०० पुरुषांना याविषयी नेमके प्रश्न विचारण्यात आले, तेव्हा ७२ जणांना किमान एक तरी लैंगिक तक्रार असल्याचे दिसले. शीघ्रपतन, कामेच्छा मंदावणे आणि ताठरता न येणे या तक्रारी त्यांत सर्वांत जास्त होत्या. पहिल्या अहवालाचा विषय फक्त ताठरता हा होता आणि दुसऱ्याचा सर्व तक्रारी, त्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना करता येणार नाही. तरीही आपणहून तक्रार करणारे आणि विचारल्यावर सांगणारे यांच्या संख्येत किती अंतर असू शकते, याची कल्पना त्यांवरून येते.

न बोलण्याचे कारण केवळ संकोच नाही. अनेक पुरुषांना आपल्या तक्रारीचा दारूशी संबंध आहे असे वाटतच नाही, कारण दोन पेग घेतल्यावर भीड चेपते, मन मोकळे होते आणि इच्छा वाढल्यासारखी वाटते. मग दारू हा आजार नसून औषध आहे, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत का टिकते आणि कुठे चुकते, हे समजून घ्यायचे असेल तर दारूचा परिणाम एका संध्याकाळी काय होतो, काही आठवड्यांत काय होतो आणि काही वर्षांनी काय होतो, हे वेगवेगळे पाहावे लागते. दारू सोडल्यावर काय आणि किती भरून येईल, हेही त्यावरच ठरते.

आधी प्रमाणाविषयी थोडेसे. मद्यपानाचे मोजमाप पेल्यांवर नव्हे, तर त्यांतील शुद्ध मद्यार्कावर केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत एका प्रमाणित पेयात १० ग्रॅम मद्यार्क धरलेला असतो. चाळीस टक्के मद्यार्क असलेल्या व्हिस्की किंवा रमच्या ३० मिलिलिटरच्या एका पेगमध्ये साधारण तेवढा मद्यार्क असतो, तर पाच टक्के मद्यार्काच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त बिअरच घेतो’ या वाक्याने फारसे काही सिद्ध होत नाही. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क पोटात गेला, तर ती संघटना त्याला अतिमद्यपानाची बैठक मानते. या लेखात ज्याविषयी लिहिले आहे ते अशा प्रमाणात किंवा त्याच्या आसपास, महिनोन्‌महिने आणि वर्षानुवर्षे चाललेले पिणे आहे.

ताठरता ही स्नायूंच्या ताकदीची गोष्ट नाही. ती रक्ताभिसरणाची आणि मज्जातंतूंची गोष्ट आहे. स्पर्शाने किंवा विचारांनी मेंदू उत्तेजित झाला की मणक्यांच्या तळाच्या भागातून निघणारे मज्जातंतू लिंगातील रक्तवाहिन्यांपर्यंत संदेश पोहोचवतात. तेथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात तयार होतो, त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतींमधील स्नायू सैल पडतात, लिंगातील स्पंजासारख्या ऊतींमध्ये रक्त भरते आणि त्या फुगल्यामुळे रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते रक्त आत टिकून राहते. रक्तवाहिन्यांच्या संदर्भात नायट्रिक ऑक्साइडच्या या कामाचा शोध लावणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा या नावाने प्रसिद्ध झालेली गोळी, त्याच वर्षी बाजारात आली. एवढी साखळी लक्षात ठेवली तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. मेंदू, मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि या सगळ्यांना कार्यक्षम ठेवणारे पुरुष संप्रेरक, यांतील एकही दुवा दारूच्या तडाख्यातून सुटत नाही.

एका संध्याकाळचा परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. दारू मेंदूचे काम मंदावते आणि त्यात सर्वांत आधी मंदावतो तो संयम व काळजी यांवर लक्ष ठेवणारा भाग. म्हणून थोड्या दारूने धीटपणा येतो. प्रमाण वाढत गेले की उत्तेजनेचे संदेशही मंदावतात, स्पर्शाची जाणीव बोथट होते, ताठरता येत नाही किंवा आली तरी टिकत नाही, आणि वीर्यपतनाला फार वेळ लागतो किंवा ते होतच नाही. हा परिणाम तात्पुरता असतो; दारू उतरली की तोही जातो. निरोगी पुरुषाला असा अनुभव एखाद्या वेळी आला तर त्यात आजार काहीच नाही. पण त्या एका अपयशाची धास्ती मनात बसली आणि पुढच्या वेळी ती घालवण्यासाठी पुन्हा दोन पेग जास्त घेतले गेले, तर एका दुष्टचक्राची सुरुवात तेथेच होते. शीघ्रपतनाचा त्रास असलेले काही पुरुष तर वीर्यपतन लांबावे म्हणून मुद्दाम पितात. काही काळ हा उपाय लागू पडल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो अधिक धोकादायक आहे.

काही आठवडे सतत भरपूर पिणे चालू राहिले की संप्रेरकांची घडी विस्कटू लागते. पुरुषाच्या शरीरातील बहुतेक सर्व टेस्टोस्टेरॉन, म्हणजे मुख्य पुरुष संप्रेरक, वृषणांतील लायडिग नावाच्या पेशी तयार करतात. ते किती तयार करायचे याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसकडून पियुषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून रक्तावाटे वृषणांना जातो. दारू या दोन्ही टोकांना आघात करते. वरच्या टोकाला ती हुकूमच क्षीण करते. खालच्या टोकाला ती लायडिग पेशींच्या कामात थेट अडथळा आणते, कारण दारूचे विघटन करण्यासाठी पेशींना जे सहायक द्रव्य लागते तेच टेस्टोस्टेरॉनच्या निर्मितीलाही लागते. शिवाय दारूच्या विघटनातून निघणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे द्रव्य या पेशींना विषासारखे असते.

या बाबतीतला एक जुना प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात निरोगी पुरुष स्वयंसेवकांना देखरेखीखाली चार आठवड्यांपर्यंत दारू देण्यात आली आणि त्या अवधीत त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन घटल्याचे दिसून आले. त्याआधी बहुतेकांची अशी धारणा होती की मद्यपी पुरुषांतील संप्रेरकांचा बिघाड त्यांच्या खराब झालेल्या यकृतामुळे होतो. यकृत ठणठणीत असलेल्या पुरुषांमध्येही तो दिसल्यामुळे दोष दारूच्याच पदरात पडला. ‘माझे यकृताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे सगळे ठीक आहे’ असे म्हणणाऱ्याला हा प्रयोग सांगण्यासारखा आहे.

टेस्टोस्टेरॉन घटल्याचे पहिले लक्षण ताठरतेतील बिघाड असेलच असे नाही. बऱ्याचदा आधी इच्छाच उरत नाही, उत्साह वाटत नाही, स्नायू सुटत जातात, चिडचिड वाढते आणि पुरुषाला वाटते की हे वयामुळे किंवा कामाच्या ताणामुळे होत आहे. झोपेचाही येथे वाटा असतो. टेस्टोस्टेरॉनची पातळी रात्रीच्या झोपेत वाढत जाऊन सकाळी सर्वाधिक असते, आणि दारूने झोप लवकर लागली तरी ती उत्तररात्री तुटक होते. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर दारूने तो बळावतो. त्यातच मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममधून ७ कॅलरी मिळतात, पोटाभोवती चरबी साठते आणि या चरबीतील अ‍ॅरोमाटेज हे विकर पुरुष संप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेन या स्त्री संप्रेरकात करत राहते.

वर्षे लोटल्यावर यकृताचा प्रश्न पुढे येतो, आणि लैंगिक आरोग्याच्या दृष्टीने हा टप्पा सर्वांत गुंतागुंतीचा आहे. संप्रेरकांची विल्हेवाट लावणे हे यकृताच्या अनेक कामांपैकी एक. सिऱ्होसिस झालेल्या, म्हणजे व्रणांमुळे कडक आणि निकामी होत चाललेल्या यकृताला ते जमत नाही. त्यामुळे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर होऊ शकणारी संप्रेरके रक्तात फिरत राहतात आणि पुरुष व स्त्री संप्रेरकांचे प्रमाण बिघडते. पुरुषाची छाती स्तनांसारखी वाढते आणि दुखते, दाढीमिशांची व अंगावरच्या केसांची वाढ विरळ होते, तळहात लालसर दिसतात, छातीवर व खांद्यांवर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल रक्तवाहिन्या उमटतात आणि वृषणे लहान व मऊ पडतात. वृषणांचा बहुतांश भाग शुक्राणू तयार करणाऱ्या नलिकांनी व्यापलेला असतो, त्यामुळे त्यांचा आकार घटणे म्हणजे प्रामुख्याने त्या नलिकांची हानी होणे.

याच टप्प्यावर रक्ततपासणी फसवू शकते. रक्तातील टेस्टोस्टेरॉनचा मोठा भाग प्रथिनांना जखडलेला असतो आणि जो थोडासा भाग मोकळा असतो तोच मुख्यतः उपयोगी पडतो. सिऱ्होसिसमध्ये त्याला घट्ट धरून ठेवणारे ‘एसएचबीजी’ हे प्रथिन वाढते. परिणामी एकूण टेस्टोस्टेरॉनचा आकडा अहवालात ठीक दिसतो, पण मोकळे टेस्टोस्टेरॉन कमी असते. खात्यात रक्कम दिसावी आणि खाते मात्र गोठवलेले असावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून यकृताचा आजार असलेल्या पुरुषाच्या बाबतीत फक्त एकूण टेस्टोस्टेरॉन पाहून निदान करणे पुरेसे नसते. आणखी एक बाब जाता जाता सांगितली पाहिजे. पोटात पाणी झाल्यावर, म्हणजे जलोदरात, जे स्पायरोनोलॅक्टोन हे औषध नेहमी दिले जाते, त्यानेही पुरुषाची छाती वाढू शकते आणि कामेच्छा कमी होऊ शकते. हे औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. पण त्रास सांगितला तर पर्यायाचा विचार डॉक्टरांना करता येतो.

संप्रेरकांइतकी चर्चा मज्जातंतूंची होत नाही, आणि माझ्या मते ती अधिक व्हायला हवी, कारण कायमचे नुकसान येथे होण्याची शक्यता जास्त असते. दारू मज्जातंतूंना थेट इजा करते, आणि भरपूर पिणाऱ्याचे जेवण तुटपुंजे असल्यामुळे व आतड्यांतून पोषक द्रव्ये नीट शोषली न गेल्यामुळे थायमिन, म्हणजे बी-१ आणि इतर बी जीवनसत्त्वांची कमतरता निर्माण होऊन त्या इजेत भर पडते. सुरुवात बहुधा पायांपासून होते. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, बधिरता वर सरकत जाते. लांब मज्जातंतू जसे बाधित होतात तसेच आपल्या इच्छेविना काम करणारे, हृदय, आतडी, मूत्राशय आणि लिंग यांना संदेश देणारे मज्जातंतूही बाधित होऊ शकतात. पायांची आग आणि ताठरतेचा अभाव या दोन तक्रारी घेऊन पुरुष दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जातो, आणि दोहोंचे मूळ एकच असू शकते हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. त्याला मधुमेहही असेल तर नुकसान दुपटीने होते, कारण मधुमेहही याच मज्जातंतूंवर आणि याच रक्तवाहिन्यांवर घाला घालतो.

रक्तवाहिन्यांचे म्हणाल तर दीर्घकाळच्या अति मद्यपानाने रक्तदाब वाढतो, रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार करण्याची त्यांची क्षमता कमी होते. पिणाऱ्यांत धूम्रपान करणारे बरेच असतात आणि तंबाखूचा परिणामही नेमका याच अस्तरावर होतो. लिंगाच्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक असल्यामुळे अडथळ्याचा त्रास अनेकदा तेथे आधी जाणवतो. मध्यमवयात हळूहळू वाढत गेलेला ताठरतेचा बिघाड हा हृदयविकाराची पूर्वसूचना ठरू शकतो, आणि म्हणून अशा पुरुषाचा रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉन तपासल्याशिवाय नुसती गोळी लिहून देणे अपुरे आहे. काही पाहणी अभ्यासांत अगदी माफक पिणाऱ्यांमध्ये ताठरतेच्या तक्रारी न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळल्या आहेत, आणि हा निष्कर्ष मोठ्या आवडीने सांगितला जातो. परंतु न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडावी लागलेले पुरुषही असतात, तसेच माफक पिणाऱ्यांची एकूण प्रकृती व राहणीमान अनेकदा चांगले असते. त्यामुळे हा दारूचाच गुण आहे असे त्यावरून ठरत नाही. अति मद्यपानाच्या बाबतीत तर तो निष्कर्ष लागूच होत नाही.

अपत्यप्राप्तीचा प्रश्न याच्याशी जोडलेला असला तरी वेगळा आहे. ताठरता आणि वीर्यपतन व्यवस्थित असलेल्या पुरुषाचेही शुक्राणू कमी किंवा सदोष असू शकतात, आणि वीर्य दिसायला नेहमीसारखे असल्यामुळे त्याला याचा पत्ता लागत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात १,२२१ तरुणांच्या वीर्याची तपासणी करण्यात आली. ज्यांचे आठवड्याचे पिणे जास्त त्यांचे शुक्राणू संख्येने कमी आणि आकाराने अधिक सदोष, असा कल त्यात दिसला. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. दिलासा देणारी बाब अशी की शुक्राणू सतत नव्याने तयार होत असतात. एक शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि तो परिपक्व होऊन बाहेर पडेपर्यंत आणखी काही दिवस जातात, म्हणून दारू बंद केल्याचा फायदा वीर्यतपासणीत दिसायला साधारण तीन महिने थांबावे लागते. मूल होत नाही म्हणून तपासण्यांचे चक्र सुरू होते तेव्हा पुष्कळदा आधी पत्नीच्याच तपासण्या केल्या जातात. पतीच्या पिण्याचा खुलासा पहिल्याच भेटीत झाला तर बराच वेळ, पैसा आणि मनस्ताप वाचू शकतो.

शरीराच्या या सगळ्या व्यवहाराबरोबर मनाचा आणि नात्याचाही व्यवहार चालू असतो. मद्यावलंबी पुरुषांत नैराश्य व चिंता यांचे प्रमाण जास्त असते आणि दोन्ही कामेच्छेच्या मुळावर येतात. घरात रोज भांडणे, शब्द मोडण्याचे प्रसंग आणि कधी मारहाणही होत असेल, तर पत्नीला जवळीक नकोशी वाटणे स्वाभाविक आहे. पुरुष मात्र त्या नकाराचा अर्थ स्वतःच्या कमीपणाशी किंवा तिच्या वागण्याशी जोडतो. दीर्घकाळ पिणाऱ्या काही पुरुषांमध्ये पत्नीच्या चारित्र्याविषयी निराधार संशय इतका पक्का होतो की तो भ्रमाच्या पातळीला जातो. मनोविकारतज्ज्ञांना ही अवस्था चांगली परिचयाची आहे, आणि तिच्यात हिंसेचा धोका असल्यामुळे तिला नवराबायकोचा घरगुती वाद समजून सोडून देता येत नाही. असा संशय दिसू लागला तर पत्नीची सुरक्षितता हा पहिला विषय आणि बाकी सर्व नंतरचे.

आता दारू सोडल्यावर काय घडते ते पाहू. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करणे धोक्याचे असते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि दोन ते चार दिवसांच्या सुमारास भ्रम, थरथर व ताप यांसह जिवावर बेतणारी अवस्था उद्भवू शकते. म्हणून हे पाऊल डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य औषधे आणि थायमिन घेऊनच टाकावे लागते. त्यानंतरचे काही आठवडे लैंगिकदृष्ट्या अवघड असतात. दारूमुळे दबून राहिलेली मज्जासंस्था आता अतिउत्तेजित झालेली असते, झोप नसते, अस्वस्थता असते. पूर्वी दारूमुळे लांबणारे वीर्यपतन आता फार लवकर होऊ लागते, आणि कित्येक वर्षांत शुद्धीवर असताना पत्नीच्या जवळ जाण्याची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मनावरचे दडपणही मोठे असते.

व्यसनमुक्तीच्या उपचारांत जी गोष्ट सांगायची राहून जाते ती नेमकी हीच, असे मला वाटते. कोणी आधी कल्पना दिलेली नसेल तर पुरुष सरळ असा निष्कर्ष काढतो की पीत होतो तेव्हा निदान जमत तरी होते, सोडल्यापासून तेही गेले. हा निष्कर्ष तो कोणाला बोलून दाखवत नाही. काही दिवसांनी तो पुन्हा पिऊ लागतो आणि घरचे, डॉक्टर, समुपदेशक सगळेच मित्रमंडळींना किंवा मनोबलाला दोष देत बसतात. पहिल्या काही आठवड्यांचा हा त्रास अपेक्षित आहे, तो बहुतेकांचा ओसरतो आणि न ओसरल्यास त्यावर उपचार आहेत, एवढी तीन वाक्ये उपचारांच्या सुरुवातीलाच, शक्य असल्यास पती-पत्नींना एकत्र बसवून, सांगितली तर हा मार्ग बंद करता येतो.

सुधारणेचा क्रम सर्वांचा सारखा नसतो, पण त्याला एक ढोबळ रीत आहे. झोप व मनःस्थिती सुधारते, यकृत फार बिघडलेले नसेल तर टेस्टोस्टेरॉनची पातळी काही आठवड्यांत वर येऊ लागते, आणि शुक्राणूंना वर सांगितल्याप्रमाणे तीन महिने लागतात. तीन महिने दारूपासून पूर्णपणे दूर राहिलेल्या पुरुषांच्या पाठपुराव्यात बहुसंख्यांची ताठरता सुधारल्याचे दिसून आले आहे. मज्जातंतू मात्र अतिशय संथपणे भरून येतात. त्यांना महिने, कधी वर्षे लागतात, आणि खोल इजा अपुरीच भरते. सिऱ्होसिसमुळे लहान झालेली वृषणे पूर्ववत होतील याची खात्री नसते, तर वाढलेली छाती एका वर्षाहून जुनी असेल तर तेथील ऊती कडक झालेल्या असल्यामुळे ती आपोआप ओसरण्याची शक्यता कमी होते. सुरुवातीला उल्लेखिलेल्या १९७३ च्या अहवालात ताठरतेची तक्रार केलेल्यांपैकी निम्म्यांची तक्रार दारू सोडून वर्षे झाली तरी कायम होती. तो काळ आजच्या गोळ्यांच्या आणि तपासण्यांच्या आधीचा होता आणि ते रुग्ण बरेच पुढच्या टप्प्यावरचे असावेत, हे लक्षात घेतले तरी त्या आकड्याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तीन महिन्यांनंतरही तक्रार उरली असेल तर तपासण्यांना खरा अर्थ येतो. टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करतात. तिच्या जोडीला एसएचबीजी, पियुषिकेची संप्रेरके, थायरॉइड, साखर, चरबी आणि यकृताचे अहवाल पाहिले जातात. पहाटे आपोआप येणारी ताठरता शाबूत असेल तर शरीराची यंत्रणा चालू आहे आणि अडचण बहुतांशी मनाची आहे असे समजतात. दारू चालू असताना मात्र या खुणेवर विसंबता येत नाही, कारण ही ताठरता झोपेच्या ज्या टप्प्यात येते तो टप्पाच दारू विस्कळीत करते. घेत असलेल्या सर्व औषधांची यादीही डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबाची काही औषधे, नैराश्यावरची बरीच औषधे आणि काही रुग्णांच्या बाबतीत दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिरामही लैंगिक तक्रारींना हातभार लावू शकते.

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या उपयोगी आहेत, पण त्या नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम टिकवून धरतात, तो निर्माण करत नाहीत. संदेशच पोहोचत नसेल किंवा इच्छाच नसेल तर त्यांचा फारसा उपयोग होत नाही. भरपूर दारूबरोबर घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, आणि छातीत दुखण्यासाठी नायट्रेट गटाचे औषध घेणाऱ्याने या गोळ्या घेणे प्राणघातक ठरू शकते. ‘संपूर्ण वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धकांत हीच औषधे छुपेपणाने मिसळलेली असल्याचे औषध नियंत्रकांना वारंवार आढळले आहे, त्यामुळे तीही निर्धोक समजू नयेत. शिवाय आधीच थकलेल्या यकृतावर अज्ञात घटकांचा भार टाकणे वेगळेच.

टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचा मोह सर्वांत जास्त आवरायला हवा. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो आणि शुक्राणूंची निर्मिती घटते किंवा बंद पडते. मूल हवे असलेल्या तरुणाच्या बाबतीत हा उपचार नेमका उलटा ठरतो. दारू सोडल्यावर आपोआप वर येऊ शकणारी पातळी इंजेक्शनाने वर आणण्यात शहाणपण नाही. मज्जातंतूंची आणि रक्तवाहिन्यांची हानी कायमची आहे असे निश्चित झाल्यावर निर्वात पंप, लिंगात द्यायची इंजेक्शने आणि सर्वांत शेवटी शस्त्रक्रियेने आत बसवायचे कृत्रिम साधन असे पर्याय उरतात. हे साधन बसवताना नैसर्गिक ताठरता आणणाऱ्या ऊतींना इजा होते आणि ती परत मिळत नाही, म्हणून शरीराला स्वतःहून सावरायला पुरेसा अवधी दिल्याशिवाय आणि रुग्णाची दारू सुटली आहे याची खात्री झाल्याशिवाय त्या शस्त्रक्रियेचा विचार करत नाहीत.